काचेच्या टाकीतलं कोडं आणि विनोग्रादस्की

जालन्यात आमच्या एका नातेवाइकांकडे दिवाळीनंतर नवी माशांची टाकी आली. दोन फुटांची, तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा पंप, मागे निळा कागद. घरातल्या आठ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी घेतलेली. सहा गोल्डफिश आणले, त्यांची नावंही ठेवून झाली. पाचव्या दिवशी एक मासा वर येऊन तोंडाची उघडमीट करू लागला. आठव्या दिवशी तिघे पालथे तरंगत होते आणि पुढच्या रविवारपर्यंत टाकी रिकामी झाली. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. वास नाही, गढूळपणा नाही, माशांच्या अंगावर डाग नाही की बुरशी नाही. दुकानात विचारलं तर काहीतरी रोग असेल म्हणून एक निळं औषध मिळालं. घरच्यांनी खडे उकळले, टाकी ब्लिचिंग पावडरने घासली, पाणी भरून त्यात औषध टाकलं आणि पुन्हा मासे आणले. तेही नवव्या-दहाव्या दिवशी गेले. मुलीला वाटलं, आपण जास्त खाऊ घातलं. आजीला वाटलं, या घराला मासे धार्जिणे नाहीत.

मुलीचं म्हणणं थोडंफार खरं होतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते शोधून काढायला विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाची शेवटची पंचवीस वर्षं लागली. टाकीत जे नको होतं ते तिथे होतं म्हणून मासे मेले, हे अर्धंच उत्तर. जे हवं होतं ते अजून तिथे आलेलं नव्हतं आणि थोडंफार येऊ लागलं होतं तेवढंही ब्लिचिंग पावडरने मारून टाकलं, हे उरलेलं अर्धं. हे हवं असलेलं काय ते ज्यांनी दाखवून दिलं, त्या सर्गेई विनोग्रादस्कींना माशांच्या टाकीशी काहीच देणंघेणं नव्हतं.

विनोग्रादस्कींचा जन्म १८५६ सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कीव्ह शहरातला. घर सुखवस्तू, पोदोलिया प्रांतात मोठी जमीन. पोटापाण्याची चिंता नसलेल्या हुशार मुलाचं जे होतं तेच त्यांचं झालं. कीव्हच्या विद्यापीठात आधी कायद्याला नाव घातलं, मग तो सोडून निसर्गविज्ञान घेतलं, त्यातही मन रमेना म्हणून थेट सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकायला गेले. तिथे त्यांचे शिक्षक होते थिओडोर लेशेटिझ्की, त्या काळातले युरोपातले नामवंत पियानोगुरू. पण संगीतही मागे पडलं आणि १८७७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाकडे वळले. तेव्हा वय एकवीस. आपल्याकडे अशा मुलाला घरचे काय म्हणतात, ते सांगायला नको.

विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ फामिन्त्सिन यांच्या हाताखाली त्यांना सूक्ष्मजीवांची गोडी लागली. १८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला आंतोन दे बारी यांच्याकडे गेले. तिथे त्यांनी गंधकाच्या पाण्यात वाढणारे धाग्यासारखे जिवाणू अभ्यासाला घेतले. त्या जिवाणूंच्या पोटात गंधकाचे चमकदार कण दिसतात, हे आधीच माहीत होतं. ते कण कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. विनोग्रादस्कींनी सूक्ष्मदर्शकाच्या काचेवरच हे धागे जगवले, त्यांना पुन्हा पुन्हा ताजं गंधकाचं पाणी पाजलं आणि कण कधी भरतात, कधी रिते होतात, ते टिपत राहिले. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे जिवाणू खातात, त्याचा गंधक पोटात साठवतात आणि पुढे तोही जाळून त्यावर जगतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८८७ मधली ही गोष्ट. तोवर सगळ्यांची समजूत अशी की जगायचं तर एकतर झाडासारखं उन्हावर, नाहीतर प्राण्यासारखं दुसऱ्याने तयार केलेल्या अन्नावर. गंधकासारख्या निर्जीव वस्तूवर कुणी पोट भरतं, ही कल्पनाच नवी होती.

१८८८ च्या आरंभी दे बारी वारले आणि विनोग्रादस्की झुरिकला गेले. तिथे त्यांनी जो प्रश्न हाती घेतला, तो आपल्या टाकीचा.

थोडं मागे जाऊ. जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतींना लोणा लागतो, हे मराठवाड्यात कुणालाही सांगावं लागत नाही. जनावरांच्या मुताचा वास काही दिवसांनी जातो आणि मागे पांढरी, खारट पूड उरते. त्या पुडीत शोरा असतो, म्हणजे नायट्रेट. गावठाणातली जुनी पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची रीत त्याच अनुभवातून आलेली. शोऱ्यापासून बंदुकीची दारू होते, म्हणून युरोपातल्या राजांनाही त्याची फार गरज होती आणि बिहारमधून तो जहाजं भरभरून तिकडे जायचा. पण मुतातल्या उग्र अमोनियाचा हा शोरा होतो कसा? रसायनशास्त्रज्ञांना वाटायचं, हवा आणि माती यांच्यातली ती साधी रासायनिक क्रिया असेल.

१८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी एका लांब नळीत भाजलेली वाळू आणि खडूची भुकटी भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. खालून पाणी यायचं, त्यात अमोनिया जसाच्या तसा. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. साधारण वीस दिवस काही झालं नाही. मग अचानक खालच्या पाण्यात नायट्रेट येऊ लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. वाळू तीच, पाणी तेच. साधी रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर क्रिया बंद पडली. वाफ जाऊ दिली आणि मातीत खळबळवलेलं थोडं पाणी ओतलं, तर काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे वाळूत कुणीतरी जिवंत राहायला आलं होतं आणि त्याला घर मांडायला तीन आठवडे लागले होते.

जालन्याची ती टाकी आठवा. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाद्य कुजतं त्याचाही अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि माशाला मारण्याइतका झाला तरी नाकाला कळत नाही. त्याने कल्ले जळतात, मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि वर येऊन तोंडाची उघडमीट करतो. नव्या टाकीतले खडे धुऊन आणलेले, स्पंज कोरा, काच लख्ख. अमोनिया खाणारं तिथे अजून कुणी नाही. आठव्या दिवशी मासे मेले तेव्हा श्लोसिंग-म्युंट्झच्या नळीतही काही घडलेलं नव्हतं.

नळीत राहायला आलेल्यांना कुणी पाहिलं मात्र नव्हतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन कित्येक वर्षं त्यांच्या मागावर होते. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि नायट्राइटचं मग नायट्रेट, ही दोन वेगळी कामं असून ती करणारेही वेगळे असावेत, इथवर त्यांनी मजल मारली होती. गंमत अशी की याच वॉरिंग्टनच्या वडिलांनी, त्यांचंही नाव रॉबर्टच, १८४९ मध्ये लंडनमध्ये साधारण ५५ लिटरच्या टाकीत दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता मासे जगवून दाखवले होते. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास त्या टाकीपासून सांगतात. बापाने मासे जगवले, पण ते पुरतं कशामुळे जगले, ते मुलाच्या अभ्यासाच्या विषयात दडलेलं होतं.

मुलाचं घोडं अडलं ते जिलेटिनपाशी. रॉबर्ट कॉख यांची पद्धत तेव्हा सगळीकडे चाले. जिलेटिनच्या पौष्टिक थरावर जिवाणू पेरायचे, त्यांचे ठिपके उगवले की हवा तो ठिपका उचलायचा. पण जो ठिपका उचलावा तो अमोनियाला हातच लावत नसे. विनोग्रादस्कींनी इथे वेगळा विचार केला. गंधक खाणारे जिवाणू पाहिलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक होतं की अमोनियावर जगणाऱ्याला जिलेटिनचं पक्वान्न मानवणारच नाही. त्यांनी झुरिकच्या सरोवराचं पाणी घेतलं, त्यात एका लिटरला एक ग्रॅम अमोनियम सल्फेट, एक ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट आणि थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट घातलं. साखर नाही, मांसाचा अर्क नाही, काही नाही. त्यात चिमूटभर माती टाकली. अमोनिया संपू लागला की त्यातला थेंब पुन्हा नव्या पाण्यात. असं करत करत इतर पाहुणे उपाशी मरत गेले आणि या पाण्यावर ज्यांचं भागतं तेच उरले. तरीही काही चिवट सोबती जाईनात. मग त्यांनी जिलेटिनच्या थरावर हे मिश्रण पेरलं आणि जिथे ठिपका उगवला तिथून नाही, तर जिथे काहीच उगवलं नाही अशा कोऱ्या जागेतून नमुना उचलला. त्या कोऱ्या जागेत अमोनिया खाणारे होते. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत सुंदर क्षण. पुढे त्यांनी जिलेटिनऐवजी वाळूच्याच जातीच्या सिलिकाचा थर वापरला आणि त्यावर हे जिवाणू वाढवून दाखवले.

१८९० आणि १८९१ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकातून त्यांचे लेख एकामागून एक आले. अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्या एका जिवाणूला त्यांनी नायट्रोसोमोनास म्हटलं, नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्याला नायट्रोबॅक्टर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे जीव अंधारात, उन्हाशिवाय, अमोनिया जाळून मिळालेल्या ऊर्जेवर पाण्यातल्या कार्बोनेटमधून आपलं शरीर घडवतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. हिशेब फार तोट्याचा होता. सुमारे ३५ भाग नायट्रोजन जाळावा, तेव्हा १ भाग कार्बन अंगी लागतो.

टाकीला दीड महिना का लागतो, त्याचं उत्तर या तोट्यात आहे. आपल्या पोटातला ई. कोलाय जिवाणू अन्नपाणी मुबलक असलं की वीस मिनिटांत दुप्पट होतो. या गरिबांना सगळं मनासारखं असलं तरी आठ तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो. त्यातही आधी पहिले वाढणार, ते नायट्राइट करू लागणार, मग ते खाणाऱ्या दुसऱ्यांची वाढ होणार. म्हणून नव्या टाकीत संकट दोनदा येतं. अमोनिया उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि तेवढ्यात नायट्राइट चढतं. ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि मासा पुन्हा गुदमरतो.

हे दुसरं संकट माणसालाही अगदीच परकं नाही. शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो आणि विनोग्रादस्कींचेच जिवाणू काळ्या रानात त्याचं नायट्रेट करतात. पीक ते घेतं, उरलेलं पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होऊन त्याचंही रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि बाळ निळं पडू लागतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ आणि परसात बोअर असेल, तर पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.

इतकं नाव झाल्यावर पाश्चर संस्थेने विनोग्रादस्कींना पॅरिसला बोलावलं. ते गेले मात्र मायदेशी. १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीव विभाग त्यांच्याकडे आला. शरीरक्रिया विभाग पाव्हलोव्ह सांभाळत होते. तिथे त्यांनी हवेतला नायट्रोजन थेट मातीत बांधणारा एक मुक्त जिवाणू शोधला आणि त्याला पाश्चरचं नाव दिलं. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू खत चोळताना जालन्याचा शेतकरी ज्या विद्येचा उपयोग करतो, तिच्या पायातला हा एक दगड. १९०२ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. पण प्रकृती खालावली, मन उडालं आणि १९०५ मध्ये सगळं सोडून ते पोदोलियातल्या आपल्या गोरोदोकच्या जमिनीवर जाऊन राहिले. पुढची पंधरा-एक वर्षं विज्ञानाशी त्यांचा संबंध जवळजवळ नव्हता.

मग १९१७ ची क्रांती आली आणि जमीनदार माणसाला जमीन उरली नाही. यादवी युद्धाच्या धामधुमीत ते ओडेसामार्गे देश सोडून निघाले आणि शेवटी बेलग्रेडला पोचले. तिथे प्राध्यापकी मिळाली, पण प्रयोगशाळा म्हणावी असं हाताशी काही नव्हतं. वय पासष्ट. आपल्याकडे या वयात लोक नातवंडांना बागेत नेतात. १९२२ मध्ये पाश्चर संस्थेचे संचालक एमिल रू यांनी त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी ते गेले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या लहानशा गावी संस्थेची जागा होती, तिथे त्यांनी मातीच्या जिवाणूंचं काम नव्याने मांडलं. बाटलीतला पाळीव जिवाणू आणि मातीत चारचौघांत राहणारा जिवाणू एकसारखे वागत नाहीत, मातीला मातीतच पाहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचा एक लेख वाचून रेने द्युबो नावाचा तरुण या विषयाकडे वळला आणि पुढे त्याने मातीतल्या जिवाणूंमधून जंतुनाशक औषध काढलं. द्युबोचे गुरू सेल्मन वॅक्समन यांना स्ट्रेप्टोमायसिनबद्दल नोबेल मिळालं आणि त्यांनीच विनोग्रादस्कींचं चरित्र लिहिलं. क्षयाच्या रुग्णाला सुईने मिळणारं ते औषध मातीतल्याच एका जिवाणूपासून आलेलं.

१९४० मध्ये ते निवृत्त झाले. महायुद्ध आलं, गेलं. १९४९ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचं मातीच्या सूक्ष्मजीवांवरचं मोठं फ्रेंच पुस्तक छापून आलं. फेब्रुवारी १९५३ मध्ये ब्री-कोंत-रोबेरलाच ते गेले, तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते.

त्यांच्या नंतर यादी वाढत गेली. माशांच्या टाकीत नायट्राइट खाण्याचं काम बहुधा नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पिरा नावाचे जिवाणू करतात, हे १९९० च्या दशकाअखेरीस कळलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीच्या खड्यांवरून अमोनिया खाणारा एक अगदी वेगळ्या कुळातला जीव सापडला. आणि २०१५ मध्ये दोन्ही कामं एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या गाळणीतच. दोन कामं, दोन कामकरी हा विनोग्रादस्कींचा नियम सव्वाशे वर्षांनी थोडा सैल झाला.

जालन्याच्या घरी मी गेलो तेव्हा खिशात अमोनिया तपासायचं किट होतं. दुसऱ्या वेळचे मासे मेल्यानंतरचं पाणी अजून टाकीत तसंच होतं. थेंब टाकताच ते गडद हिरवं झालं. पाणी बोअरचं, जड, सामू आठच्या वर. यानेही फरक पडतो. सामू सात असताना एकूण अमोनियातला हजारात सहा भाग विषारी रूपात असतो, आठ झाला की शंभरात पाच. उन्हाळ्यात पाणी तापलं की तो आणखी वाढतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. ते निळं औषध जिवाणूंनाही मारतं, नळाच्या पाण्यातला क्लोरीनही, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुण्याची सवय तर हमखास. स्पंज धुवायचाच तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. आणि मासे असताना अमोनिया चढला, तर सगळं पाणी न ओतता रोज चौथा हिस्सा, क्लोरीन काढून, बदलावा.

ओळखीच्या एका घरी चार वर्षं सुखाने चाललेली टाकी आहे. तिच्या फिल्टरमधला मळकट स्पंज अर्धा कापून, ओल्या पिशवीत घालून आणला आणि नव्या टाकीत ठेवला. त्या तपकिरी चिखलात काय आहे, ते मुलीला सांगितलं. मासे नाहीत, म्हणून जिवाणूंच्या पोटासाठी ती रोज खाद्याचे चार दाणे रिकाम्या टाकीत टाकते. आजीला हे अजून पटलेलं नाही. आज तेविसावा दिवस आहे. अमोनिया शून्यावर आला आहे, नायट्राइटचा रंग अजून जांभळा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुलगी रोज एक फुली मारते.